‘आम्ही कुष्ठरोगी’ : संत डेमियन यांच्या दोन शब्दांचा इतिहास

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस कुष्ठरोग निवारण दिन येतो आणि १० मे रोजी मोलोकाईच्या संत डेमियन यांचे स्मरण केले जाते. या दोन्ही निमित्तांनी आपल्या चर्चमधून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. आम्हीही ती अनेकदा सांगितली आहे. प्रशांत महासागरातील एका बेटावर, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत, फादर डेमियन बारा वर्षे सेवा करीत होते. दर रविवारी ‘माझ्या प्रिय बंधुभगिनींनो’ या संबोधनाने ते प्रवचनाला आरंभ करीत. एका रविवारी ते वेदीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘आम्ही कुष्ठरोगी...’ सारे चर्च स्तब्ध झाले. आपल्या धर्मगुरूला आपलाच रोग जडला, हे लोकांना त्या दोन शब्दांतून कळले.

गोष्ट हृदयंगम आहे. ती ऐकताना मागच्या बाकांवरील कुजबुजसुद्धा थांबते, हा आमचा अनुभव आहे. परंतु ती तशी घडलेली नाही. फादर डेमियन मोलोकाई बेटावर उतरले ते १८७३ च्या मे महिन्यात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्या धाकट्या वयापासूनच्या सोबत्याला, म्हणजे थोरले बंधू फादर पांफिल यांना, एक पत्र लिहिले. युरोपात धर्मगुरू श्रोत्यांना बंधू म्हणतात, आपण मात्र येथे प्रवचन करताना ‘आम्ही कुष्ठरोगी’ असे म्हणतो, या आशयाचा मजकूर त्या पत्रात आहे. तेव्हा त्यांचे वय तेहेतीस होते, अंगावर रोगाचा एकही चट्टा नव्हता, आणि रोगाचे निदान व्हायला अजून अकरा-बारा वर्षे होती.

तारखेचा फरक म्हणून ही बाब सोडून देण्यासारखी नाही, असे आम्हांस वाटते. रोग जडल्यावर ‘आम्ही’ म्हणणे हे सत्यकथन झाले. ते कोणताही रुग्ण करू शकतो. निरोगी माणसाने कुष्ठरोग्यांत उभे राहून ‘आम्ही’ म्हटले तर ऐकणारे प्रथम त्याच्या तोंडाकडे व नंतर त्याच्या हातांकडे पाहतात. डेमियन यांच्या श्रोत्यांनी ते शब्द ऐकून घेतले, हसण्यावारी नेले नाहीत. ते का, हे समजण्यासाठी आधी त्या बेटाकडे वळले पाहिजे.

हवाई बेटांवर त्या काळी तेथील स्थानिक राजघराण्याचे राज्य होते. कॅप्टन कुक १७७८ मध्ये तेथे पोहोचला व त्याच्या मागोमाग आलेल्या जहाजांनी देवीपासून गोवरापर्यंत नाना रोग आणले. त्या रोगांची बाधा पूर्वी कधीच न झालेली ती माणसे धडाधड मेली. १८७२ च्या शिरगणतीत साऱ्या राज्याची लोकसंख्या अवघी सत्तावन्न हजारांच्या घरात उरली होती. कुष्ठरोग हा त्या पाहुण्या रोगांतलाच एक. त्यावर औषध नव्हते. राजा पाचवे कामेहामेहा यांच्या सरकारने १८६५ च्या जानेवारीत कायदा केला की, ज्यांना हा रोग झाला असेल त्यांना पकडून वेगळे ठेवावे. त्यासाठी मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील एक भूशिर निवडण्यात आले. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फूट उंचीचा सरळसोट कडा. तुरुंगाला भिंत बांधण्याची गरज नव्हती. १८६६ च्या जानेवारीच्या ६ तारखेस, म्हणजे नेमक्या प्रकटीकरणाच्या सणादिवशी, नऊ पुरुष व तीन स्त्रिया अशा बारा रुग्णांची पहिली तुकडी तेथे कालावाओ या ठिकाणी उतरविण्यात आली.

सरकारची कल्पना अशी होती की, रुग्ण शेती करतील व आपले पोट भरतील. ज्यांच्या हातांना बोटे उरली नव्हती ते कुदळ कशी धरणार, हा प्रश्न होनोलुलूच्या कचेरीत कोणास पडला नसावा.

हवाईच्या लोकांनी या रोगाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘कुटुंबाची ताटातूट करणारा रोग’ असा होतो. आपल्याकडे ‘महारोग’ म्हणत, ‘रगतपिती’ म्हणत; ही नावे शरीराकडे पाहून पडली. हवाईच्या माणसाने घराकडे पाहून नाव ठेवले. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, आईच्या कुशीतून मूल ओढून नेलेले, हे त्याला रोगाहून भयंकर वाटले.

येथे आमच्या प्रवचनांतील दुसरी एक चूक कबूल करावयास हवी. डेमियन येण्यापूर्वी कालावाओ म्हणजे निव्वळ नरक होता, तेथे दारू, व्यभिचार व मारामारी याखेरीज काही नव्हते, आणि त्या अंधारात एकटा एक युरोपियन धर्मगुरू दिवा घेऊन आला, असे चित्र आपण रंगवतो. ‘या जागी कायदा नाही’ अशी त्या वसाहतीची ख्याती होती व ती अगदीच निराधार नव्हती. ज्यांना मरण्यासाठी टाकून दिले त्यांच्यापैकी काहींनी ताळतंत्र सोडले तर नवल नाही. परंतु तेवढेच खरे नव्हते. पहिली तुकडी उतरली त्याच वर्षाच्या, १८६६ च्या, अखेरीस पस्तीस रुग्णांनी एकत्र येऊन आपली ख्रिस्तमंडळी स्थापन केली होती. ती प्रॉटेस्टंट मंडळी होती. तिला त्यांनी ‘सिलोआमा’ हे नाव दिले, योहानकृत शुभवर्तमानातील त्या जन्मांध माणसाच्या तळ्यावरून. १८७१ मध्ये त्यांचे मंदिरही उभे राहिले. आपल्या कॅथलिकांचे संत फिलोमिनाचे छोटे लाकडी चर्च १८७२ मध्ये ब्रदर बर्ट्रांड यांनी बांधून दिले होते. म्हणजे डेमियन पोहोचले तेव्हा तेथे चर्च होते, प्रार्थना करणारे लोक होते. नव्हता तो कायमचा धर्मगुरू.

आणि तेथे ‘कोकुआ’ होते. हवाई भाषेत कोकुआ म्हणजे मदतनीस. स्वतःला रोग नसताना आपल्या माणसाबरोबर त्या भूशिरावर राहावयास जाणाऱ्या पत्नीस, पतीस, आईस, भावास हे नाव होते. एकदा गेले की परत येणे दुरापास्त होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. एकाचे ठाऊक आहे. जोनाथन नापेला हे माउई बेटावरील प्रतिष्ठित गृहस्थ, पंथाने मॉर्मन. त्यांची पत्नी किटी हिला कुष्ठरोग झाला व १८७३ साली तिला मोलोकाईस धाडण्यात आले. नापेला निरोगी होते. ते तिच्याबरोबर गेले. तेथे त्यांनी काही काळ वसाहतीच्या व्यवस्थापनाचे काम पाहिले, डेमियन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे त्यांना त्या रोगाने गाठले व १८७९ मध्ये ते तेथेच वारले. डेमियन यांच्या निदानाच्या पाच वर्षे आधी. ज्या साली आमचा संत त्या किनाऱ्यावर उतरला त्याच साली हा नवराही उतरला, आणि त्याला कोणी बिशपाने पाठवले नव्हते. विवाहाच्या संस्काराची तयारी करून घेताना आम्ही अलीकडे तरुण जोडप्यांना नापेलाची हकीकत सांगतो. मॉर्मन माणसाचे उदाहरण कॅथलिक वधूवरांना कशास, अशी शंका एका पालकांनी काढली होती. तिला आम्ही उत्तर दिले नाही. पुढच्या वर्गातही तीच गोष्ट सांगितली.

आता डेमियन यांच्याकडे येऊ. बेल्जियममधील त्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव जोसेफ दे व्हूस्टर. बाप धान्याचा व्यापारीही होता. या धट्ट्याकट्ट्या मुलाने धंदा सांभाळावा अशी त्याची इच्छा होती. परंतु मुलगा थोरल्या भावामागून येशू व मारिया यांच्या पवित्र हृदयांच्या संस्थेत दाखल झाला. १८६० साली पॅरिसमध्ये त्यांनी अखेरची व्रते घेतली, तेव्हा त्या संस्थेच्या प्रथेप्रमाणे त्यांच्यावर प्रेतावर घालतात ते वस्त्र पसरण्यात आले होते. ती आठवण त्यांनी पुढे आयुष्यभर बाळगली. १८६३ मध्ये हवाईस जाण्यासाठी थोरल्या भावाची नेमणूक झाली आणि ऐन वेळी तो टायफसने अंथरुणास खिळला. धाकट्याने मधल्या वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसला पत्र लिहिले : भावाच्या जागी मला पाठवा. हा उतावीळपणा त्यांच्या अंगात शेवटपर्यंत राहिला. १८६४ च्या मार्च महिन्यात, संत जोसेफच्या सणादिवशी, ते होनोलुलूस पोहोचले व दोनच महिन्यांनी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे मोठ्या हवाई बेटावर खेचरावर बसून डोंगर पालथे घालण्यात व स्वतःच्या हातांनी चर्च बांधण्यात गेली.

१८७३ च्या मे महिन्यात माउई बेटावर एका नव्या चर्चच्या आशीर्वादासाठी धर्मगुरू जमले असता बिशप मेग्रे यांनी मोलोकाईच्या कॅथलिक रुग्णांचा विषय काढला. कोणास आज्ञा करावयास त्यांचे मन धजेना. चार तरुण धर्मगुरू आपण होऊन पुढे आले. चौघांनी पाळीपाळीने काही काही महिने तेथे राहावे असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे रोजी बिशप स्वतः त्यांना घेऊन उतरले. पाळी पुढे बदललीच नाही.

राहण्यास घर नव्हते. संत फिलोमिनाच्या चर्चशेजारी एक ‘हाला’ वृक्ष होता, आपल्या केवड्याच्या जातीचा. त्याखाली त्यांनी पहिल्या कित्येक रात्री काढल्या. रोग्यांना स्पर्श करू नये, त्यांच्या घरी जेवू नये, अशी वरिष्ठांची ताकीद होती. ती किती काळ पाळली गेली हे सांगणे कठीण. फार काळ नव्हे. सडलेल्या जखमांचा वास त्यांना असह्य होई. झोपडीत पापनिवेदन ऐकता ऐकता उठून बाहेर मोकळ्या हवेत यावे लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तो वास दबावा म्हणून ते पाइप ओढू लागले. संतांच्या चरित्रात असे तपशील वाचले की आम्हांस बरे वाटते. घृणा आली नाही असे त्यांनी कधी भासवले नाही. घृणा आली, आणि बाहेर जाऊन श्वास घेऊन ते पुन्हा आत गेले.

त्यांची अनुकंपा प्रामुख्याने हातांची होती. ते सुतार होते, गवंडी होते, कबर खोदणारे होते. पूर्वी ज्यांच्याजवळ पैसे नसत ते चादरीत गुंडाळून उथळ खड्ड्यात पुरले जात व डुकरे माती उकरीत. डेमियन यांनी शवपेट्या करावयास घेतल्या. त्या पुढे शेकड्यांनी झाल्या. दफनभूमीला कुंपण घातले. लांबच्या ओहोळावरून पाणी आणावे लागे, तेथे नळ टाकण्याच्या कामी रुग्णांबरोबर ते राबले. वादळाने गवती झोपड्या उडवल्या, तेव्हा सरकारकडे तगादा लावून लाकूड मिळवले व घरे उभी केली. अनाथ मुलामुलींसाठी वसतिगृह काढले. वाद्यवृंद व गायकवृंद उभे राहिले. चर्चमधील ऑर्गन दोन वादक मिळून वाजवीत आणि दोघांच्या हातांना मिळून दहा बोटे होती, असे सांगतात. या सर्व कामांत हवाईचे रुग्ण त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. तेथे मुकादम व मजूर असा भेद नव्हता.

आणि ‘पोई’चे भांडे होते. अळूच्या जातीचा कंद उकडून, कुटून, पातळ करून पोई करतात. ते त्या लोकांचे मुख्य अन्न. सर्वांनी एका भांड्याभोवती बसावयाचे व बोटांनी खावयाचे. कोणी पाहुणा आला आणि त्याने भांड्यात बोट घातले नाही तर यजमानाचा अपमान होतो. डेमियन यांनी त्या भांड्यात बोटे घातली. आपला पाइपही ते दुसऱ्यांना ओढावयास देत. आपल्याकडील जुन्या पिढीला हे समजावून सांगावयास नको. एका ताटात जेवणे म्हणजे काय, आणि कोणाचे ताट वेगळे ठेवणे म्हणजे काय, हे आपण चांगले जाणतो. ‘आम्ही कुष्ठरोगी’ हे शब्द ज्यांनी ऐकून घेतले त्यांनी ते पोईच्या भांड्यापाशी आधीच ऐकले होते.

येथे स्वतःविषयी थोडे लिहावे लागत आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ब्रसेल्स येथे डेमियन यांना धन्यवादित घोषित केले, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो व त्यांच्यावर एक लांबलचक निबंध आम्ही वाचला होता. गुरुदीक्षेनंतर काही वर्षांनी एका धर्मग्रामात साहाय्यक म्हणून असताना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघर जात असू. एका घरी ओटीच्या टोकाला वेगळ्या खोलीत एक वृद्ध राहत. त्यांना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. औषधोपचार पूर्ण होऊन कित्येक वर्षे लोटली होती. हातांची बोटे तेवढी गेली होती. अशा माणसापासून कोणास काही बाधा होत नाही, हे आम्ही त्याच महिन्यात प्रवचनात सांगितले होते, अर्थात डेमियन यांच्या गोष्टीसह. त्यांनी तोंड उघडले. ख्रिस्तप्रसाद त्यांच्या जिभेवर ठेवावयाचा. आम्ही तो बशीत ठेवला व सुनेला खूण केली. बाबांनी उघडलेले तोंड मिटले, क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग दोन्ही तळव्यांच्या कडांमध्ये ती बशी स्वतःच उचलून तोंडाशी नेली. सून कोपऱ्यात उभी होती. प्रार्थना आम्ही पूर्ण केली, आशीर्वाद दिला व बाहेर पडलो.

पुढच्या महिन्यात आम्ही ख्रिस्तप्रसाद त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी काही म्हटले नाही. भातकापणी होईपर्यंत पाऊस थांबेल का, एवढे विचारले. आम्ही मात्र त्या पहिल्या शुक्रवारची गोष्ट वीस वर्षे कोणास सांगितली नव्हती. या लेखात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणत आहोत. लेखणी धरणाऱ्या धर्मगुरूंची ती जुनी रीत आहे आणि तिला काही किंमत मोजावी लागत नाही.

आपल्या धर्मसभेच्या इतिहासातही ही बशी पूर्वीपासून आहे. मध्ययुगीन युरोपात काही धर्मप्रांतांत कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढताना जिवंतपणीच अंत्यविधीसारखा विधी करीत, त्याच्या पायांवर माती टाकीत. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेला सांगावे लागले की, जे रोगी एकत्र राहतात त्यांना त्यांचे चर्च, त्यांची दफनभूमी व त्यांचा धर्मगुरू नाकारू नये. नाकारणारे धर्माधिकारीच होते, म्हणून तर परिषदेला बोलावे लागले. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू कुष्ठरोग्याला स्पर्श करतो, ही घटना आपणा सर्वांना पाठ आहे. त्या उताऱ्याच्या शेवटाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. बरा झालेला माणूस गावात जातो व सर्वत्र बोभाटा करतो. येशूला उघडपणे गावात शिरता येत नाही, तो बाहेर ओसाड जागी राहतो. दोघांच्या जागांची अदलाबदल झालेली असते.

१८८४ च्या डिसेंबरात डेमियन यांचा पाय चुकून कढत पाण्यात पडला. कातडी भाजली, पण दुखले नाही. ते काय समजावयाचे ते समजले. डॉक्टरांनी पुढे शिक्कामोर्तब केले. त्यानंतरची चार वर्षे वाचताना मन जड होते. रोगापेक्षा एकटेपणाने ते अधिक खचले. ते तापट होते, हट्टी होते, आरोग्य मंडळाशी व स्वतःच्या वरिष्ठांशीही त्यांचे खटके उडत. सोबत आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे फारसे जमले नाही. पूर्वी एकदा वरिष्ठांना जहाजावरून उतरू दिले नाही, तेव्हा त्यांनी होडीतून जहाजाच्या कठड्याकडे तोंड करून, सर्वांदेखत, मोठ्याने फ्रेंचमध्ये पापनिवेदन केले होते. आता रोग जडल्यावर होनोलुलूस येण्यालाही त्यांच्या वरिष्ठांची हरकत होती. इंग्लंडमधून रेव्हरंड ह्यू चॅपमन या अँग्लिकन धर्मगुरूने जवळजवळ हजार पौंड जमवून पाठवले, तेव्हा आपल्याच माणसांना ती प्रसिद्धी सलली.

तरीही शेवटी माणसे आली. १८८६ मध्ये जोसेफ डटन हा अमेरिकन यादवी युद्धात लढलेला, पुढे कॅथलिक झालेला गृहस्थ येऊन उभा राहिला व १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या वसाहतीचा झाला. १८८८ च्या नोव्हेंबरात फ्रान्सिस्कन संस्थेच्या मदर मॅरिअन कोप दोन भगिनींसह कालाउपापा येथे आल्या. त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण डेमियन यांच्या झगझगाटात त्या झाकून जातात. हवाई सरकारने सुमारे पन्नास धर्मभगिनी-संस्थांकडे विनंती केली होती. होकार दिला तो न्यूयॉर्क राज्यातील या एकाच संस्थेने. मॅरिअन यांनी इस्पितळे चालवली होती. रुग्णाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, हा त्यांचा नियम कडक होता. आपल्या एकाही भगिनीला हा रोग होणार नाही, असे त्यांनी सांगितले होते, व ते खरे ठरले. त्या १९१८ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे तेथे राहिल्या. २०१२ मध्ये त्यांनाही संतपद मिळाले.

डेमियन निष्काळजी होते, त्यांनी हात धुतले असते तर आणखी वीस वर्षे सेवा करते, असे कोणी म्हणतात. मॅरिअन यांनी अंतर राखले, म्हणून त्यांचे प्रेम उणे, असे दुसरे म्हणतात. दोन्ही मते आम्हांस मान्य नाहीत. हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरला या रोगाचे जंतू दिसले ते १८७३ सालीच, डेमियन उतरले त्या वर्षी. मोलोकाईवर ते ज्ञान सावकाश पोहोचले. आणि ज्या लोकांना साऱ्या जगाने हात आखडून दाखवला होता त्यांच्याकडे पहिल्याने जाणाऱ्याला पोईच्या भांड्यात हात घालणे भागच होते. त्याने ते केल्यानंतर पुढे येणारीला साबण वापरण्याची मोकळीक होती. तिचा साबण कोणास अपमान वाटला नाही. आम्ही ज्या शुक्रवारची हकीकत सांगितली त्या दिवशी आमच्याजवळ ज्ञान होते, औषध होते, साबणही होता.

१८८८ च्या डिसेंबरात एडवर्ड क्लिफर्ड हा इंग्रज चित्रकार डेमियन यांना भेटावयास आला. तो काश्मीरपर्यंत भारत फिरून आला होता व त्याने बरोबर आपल्या देशातले गर्जन तेल आणले होते. अंदमानात त्या तेलाने कुष्ठरोग्यांना गुण येतो असा तेव्हा समज होता. डेमियन यांनी ते काही काळ वापरले. १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातल्या सोमवारी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते निवर्तले. पहिल्या रात्री ज्या हालाखाली ते झोपले होते त्याच झाडाखाली त्यांना मूठमाती देण्यात आली.

मृत्यूनंतर चिखलफेक झाली. होनोलुलूच्या डॉ. हाइड या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने एका खाजगी पत्रात डेमियन ओंगळ, अडाणी, हेकट व चारित्र्यहीन होते, असे लिहिले व ते पत्र छापले गेले. त्यास उत्तर दिले ते कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी, जे स्वतः प्रॉटेस्टंट घराण्यातले होते व डेमियन यांच्या निधनानंतर काही आठवड्यांनी कालाउपापास राहून आले होते. १८९० च्या त्यांच्या खुल्या पत्राची खुबी अशी की, त्यांनी डेमियन यांचे दोष नाकारले नाहीत. होय, तो हेकट होता, अस्वच्छही होता. पण तो तेथे गेला आणि आपण दोघे गेलो नाही, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ आहे.

त्या मृत्यूची लाट आपल्या किनाऱ्यापर्यंत आली, हे मात्र थोड्यांना माहीत असते. डेमियन यांच्या स्मरणार्थ १८८९ मध्ये लंडनला प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभारला गेला आणि त्या पैशातून १८९०-९१ मध्ये एक आयोग भारतात पाहणीसाठी आला. देशभर फिरून त्याने निष्कर्ष काढला की, हा रोग आनुवंशिक नाही, संसर्गाचा धोका अल्प आहे, सक्तीने डांबून ठेवण्याचे समर्थन होत नाही. तो मानला गेला नाही. मुंबईत १८९० मध्येच म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला होता, तेच पुढचे वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. १८९८ मध्ये निर्धन रोग्यांना पकडून ठेवण्याचा कायदा देशाला मिळाला. ज्याच्या घरी पैसा त्याचा रोग घरातच झाकला जाई. पकडला जाई तो भिकारी. तो कायदा पुस्तकातून निघाला २०१६ मध्ये. हवाईने सक्तीचे विलगीकरण १९६९ मध्ये संपवले. तोवर सुमारे आठ हजार माणसे त्या भूशिरावर पाठवली गेली होती. आणखी एक गोष्ट आपल्या घरची : आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे विवाहविच्छेदाचे कारण म्हणून नोंदलेले होते. ते २०१९ साली वगळण्यात आले. औषधाने रोग बरा होऊ लागून तेव्हा अनेक दशके झाली होती. जोनाथन नापेला यांना हे कलम कोणी वाचून दाखवले असते तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

१९३६ मध्ये बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून डेमियन यांचा देह उकरून मायदेशी नेण्यात आला. अँटवर्प बंदरात राजे तिसरे लिओपोल्ड स्वागतास उभे होते. लूव्हेनमध्ये नवी समाधी झाली. कालाउपापाच्या रुग्णांना हे रुचले नव्हते. आपला माणूस आपल्यापासून नेला जात आहे, असे त्यांचे म्हणणे. ताटातूट करणाऱ्या रोगाने त्यांना जे अनेकदा दाखवले होते तेच पुन्हा घडत होते. त्यांना कोणी विचारले नाही. १९९५ च्या धन्यवादित सोहळ्यानंतर त्यांच्यासाठी देहाचा एक अवशेष परत पाठवावयाचे ठरले, तेव्हा उजवा हात देण्यात आला. तो मोलोकाईवर आणून, संत फिलोमिनाच्या चर्चशेजारी, जुन्याच कबरीत पुरला आहे.